शिसपेन्सिलीनं पकडलेला चोर

दोन हजार एकोणीस साल. माझं वय तेव्हा एकोणसाठ, निवृत्तीला चार महिने राहिलेले. नोकरीत खून बघितले, दरोडे बघितले, पण कुणी 'जमादारसाब, एखादी केस सांगा' म्हटलं की मला पहिल्यांदा आठवते ती एका लाल मोपेडचीच.

माझी शाळा सातवीपुरती. शिपाई म्हणून लागलो, एएसआय म्हणजे जमादार म्हणून उतरलो. मधलं सगळं मेहनतीनं आणि हट्टानं मिळवलं. आमच्या बिदर भागात कागद कन्नडात चालतो, बोलणं मराठीत, आणि दम द्यायचा झाला तर दखनी हिंदीत. तिन्ही मला येतात. लिहायचं काम मात्र मी कधी अंगाला लावून घेतलं न्हाई. त्यासाठी ठाण्यात रायटर असतो. मी बोलायचो, तो लिहायचा, खाली मी सही करायचो. कागद वाचणारे ठाण्यात ढीगभर होते, माणूस वाचणारा मी एकटा, असा माझा समज होता. आणि तो मी लपवून पण ठेवत नव्हतो.

त्या साली आमच्या हद्दीतल्या आठवडी बाजारांतून मोपेडी गायब व्हायला लागल्या होत्या. साहेब रोज विचारायचे. निवृत्तीच्या आत त्यातली एक तरी शोधून काढायची, असं मी मनाशी धरलं होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, ठाण्यात बंदुका मांडून पूजा झाली. दरवर्षीसारखा प्रसाद मीच वाटला. एका शिपायाला बारकं केळ आलं, तो कुरकुरायला लागला. मी म्हणालो, "देवाच्या ताटात सगळं सारखंच. घे अन चल, माघं लाइन हाय." हे माझं ठरलेलं वाक्य. पंक्तीत, रेशनच्या बंदोबस्तात, कुठंही.

त्यानंतर आठ दिवसांनी सकाळची हजेरी झाली, बीट वाटून झाले, सेंट्री बदलला आणि चहा आला. तेवढ्यात आरटीओच्या इन्स्पेक्टरचा फोन.

हा माणूस कामाला कडक. पंधरा वर्षं झालेली गाडी नोंदणीच्या नवीकरणाला आली की स्वतः अंगणात उतरणार, ब्रेक दाबून बघणार, दिवा लावून बघणार. मग हँडलाखालच्या नळीवर ठोकलेल्या नंबरावर पातळ कागद धरून वरनं शिसपेन्सिल घासणार. कागदाखाली नाणं ठेवून पोरं छाप काढतात, तसा नंबर कागदावर उतरतो. तो आरसी बुकाशी जुळला तर पुढची पाच वर्षं मिळाली. गाडी आणि मालक दोघं समोर पाहिजेत. एजंटाच्या हाती नुसते कागद पाठवले तर तसेच परत.

"जमादार, इकडं या," तो म्हणाला. "एक बाई मोपेड घेऊन आलीय. पाटी एका गाडीची अन गाडी दुसरीच. इंजिनाचा नंबर बी जुळत न्हाई."

चोरीच्या गाडीला चांगल्या गाडीची पाटी लावायची, ही चोरांची जुनी युक्ती. अर्धा चहा टाकून मी मोटरसायकल काढली.

आरटीओच्या अंगणात पंधरा-वीस जुन्या गाड्यांची रांग होती. रांगेच्या बाजूला एका लाल मोपेडवर पन्नाशी ओलांडलेली बाई हाताची घडी घालून बसलेली. गाडीला दोन्हीकडनं बांगड्यांच्या पेट्या बांधलेल्या. चिटगुप्प्याकडच्या बारा खेड्यांत तिला बांगड्यावाली अक्का म्हणतात. आधी हा धंदा तिचा नवरा करायचा. तो गेल्यावर तिनं लायसन काढलं, कागदावर आपलं नाव चढवलं आणि त्याच मोपेडवर गावं फिरायला लागली.

"गाडी कुणाची?" मी विचारलं.

"माझी. आदी आमच्या मालकांची व्हती."

"कुठनं आणली?"

"दुकानातनं. गाड्या झाडाला लागत्यात व्हय, साहेब?"

रांगेतली माणसं हसली. ड्यूटीवर असताना माझ्यासमोर कुणी हसलेलं मला खपत नव्हतं. मी आवाज चढवला. तिनं माझ्याकडं न बघता माझ्या मोटरसायकलीकडं बघितलं.

"तुमची कुठल्या सालची वो?"

"माझ्या गाडीचं तुला काय करायचंय?"

"न्हाई, माझ्या गाडीपरीस म्हातारी दिसायलीय. कागद झालंय का, तेवढं इचारायलेय."

माझी गाडी दोन हजार दोन सालची. तिची मुदत संपून दोन वर्षं झाली होती. जमादाराला कोण अडवणार म्हणून मी तिकडं फिरकलोच नव्हतो. मी मोपेड जप्त केली आणि अक्काला ठाण्यात घेऊन आलो.

पंचनाम्याला दोन पंच बोलावले, एक चहावाला आणि एक शिंपी. गाडीबरोबर पेट्या पण आल्या होत्या, म्हणून बांगड्यांची मोजणी करायला लागलो. अक्का बाकड्यावरनं सांगायची, "हिरव्या येगळ्या लिवा. चमकीच्या येगळ्या. त्या काचंच्या हायत, पंचाला म्हणावं पोत्यासारख्या धरू नको." रायटर घामाघूम झाला. माझ्या ठाण्यात वीस वर्षं काढलेला हवालदार तो, पण बांगड्यांचा पंचनामा त्यानं पहिल्यांदाच लिहिला.

मग तपासणी सुरू झाली. शेजारी महिला शिपाई बसवली. माझी पद्धत अशी, की आरोपीला आधी बाहेर पडायची एक वाट दाखवायची. माणूस त्या वाटेनं पळाला की घावला.

"हे बघ," मी म्हणालो, "गाडी चोरीची हाय. कागद तसं सांगायलाय. तुला ठाऊक नसंल बी. नवऱ्यानं कुठनं तरी उचलून आणली असंल, तुला दुकानातली म्हणून सांगितलं असंल. तसं लिवून दे. तुला सोडतो."

इतका वेळ चुरुचुरु बोलणाऱ्या बाईनं पदर नीट केला.

"साहेब, बारा गावच्या बायांनी आमच्या मालकाच्या हातात हात दिलाय, बांगडी भरायला. नव्या नवरीनं दिलाय, बाळंतिणीनं दिलाय. कुणी कधी हात माघं घेतला न्हाई. घरची माणसं समोर बसायची बी न्हाईत, येवढा इस्वास. असल्या माणसाला तुमी चोर लिवायलाव? गाडी ठिवून घ्या. मी पेट्या डोक्यावर घिऊन चालत जाते. पर तेवढं लिवू नका."

असली बोलणी मी लई ऐकली होती. मला काही वाटलं न्हाई. खरं सांगतो, काही वाटलं न्हाई. दिवस मावळायच्या आत बाईला घरी पाठवायचा नियम, म्हणून सोडली. गाडी ठाण्यातच राहिली. जाताना ती फाटकाशी थांबली आणि मागं वळून मोपेडकडं बघून गेली, गोठ्यात जनावर बांधून निघालेल्या माणसासारखी.

संध्याकाळी आरटीओवाल्यानं कॉम्प्युटरवर छापाचा नंबर टाकून मालक शोधला. मोपेड खटकचिंचोळीच्या एका गिरणीवाल्याच्या नावावर निघाली. मी खूश. चोरीचा माल घावला, आता फिर्यादी पण घावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खटकचिंचोळी गाठली. पोलिसाला लोकांच्या दारात चांगली बातमी घेऊन जायची संधी क्वचित मिळते. गिरणी चालू होती. गिरणीवाले अप्पा भुवयांपर्यंत पिठानं पांढरे झालेले, कपाळाला विभूती होती का पीठ होतं ते कळत नव्हतं.

"अप्पा," मी म्हणालो, "खूशखबर हाय. तुमची गाडी सापडली."

"कुठली गाडी?"

"चोरीला गेलेली."

अप्पांनी पट्टा सोडला, गिरणी बंद केली. "माझी गाडी चोरीला कवा गेली?" असं म्हणत पळत आत गेले. थोड्या वेळानं हसत बाहेर आले.

"हाय की वो जागंवर. सकाळच्या पारी काय घाबरवायलाव, जमादारसाब?"

मी आत गेलो. कोपऱ्यात पलंगपोसाखाली लाल मोपेड. नवरीसारखी. अप्पा तिला फक्त सोमवारी बाहेर काढायचे, देवाला जायला. सीटवर अजून दुकानातलं प्लास्टिक होतं.

"परवा आरटीओला न्यायचीय," अप्पा म्हणाले. "पंधरा वरसं झाली. म्हणून आंघोळ घालून ठिवलीय."

माझ्या खिशात शिसपेन्सिल होती. हँडलाखाली कागद धरला आणि घासली. एकेक आकडा वर यायला लागला तसा मी तो ताडून बघायला लागलो. तो अक्काच्या आरसी बुकातला नंबर होता.

शहाणा माणूस इथं थांबून विचार करतो. मी हट्टी. माझ्या डोक्यात आलं, की दोघं मिळून धंदा करत असतील. अप्पांना म्हणालो, गाडी घ्या आणि ठाण्यात चला. अप्पा सोमवार नसताना गाडी काढायला तयार होईनात. शेवटी देवळापुढं थांबून, हात जोडून मग आले.

ठाण्याच्या अंगणात दोन्ही मोपेडी शेजारी शेजारी उभ्या केल्या. एक चकचकीत, एक पोचे आलेली. अक्काला बोलावून घेतलं होतं. दोघांना समोरासमोर बसवलं आणि त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. ओळखीची माणसं अनोळखीपणाचं सोंग करताना नजर चुकवतात. ही दोघं एकमेकांना सरळ बघत होती.

"ही बाई कोण वो?" अप्पांनी विचारलं.

"मी चोराची बायकू," अक्का म्हणाली. "तुमी?"

"मी बी तिकडंच चाललोय असं दिसायलंय."

मी टेबलावर हात आपटला. "गाडी कवा घेतली? एकेकानं सांगा."

"दोन हजार चारच्या दसऱ्याला," अप्पा म्हणाले.

"आमी बी दसऱ्यालाच," अक्का म्हणाली.

दुकान एकच निघालं. घेतल्या दिवशी दोघांनी गाड्या कुठं नेल्या, तर मळ्यातल्या बसवण्णाच्या देवळात. आमच्याकडं नवी गाडी घराआधी देवाला जाते. तिला विभूतीचे पट्टे ओढायचे, हार घालायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं.

"पंधरा-ईस नव्या गाड्या व्हत्या त्या दिशी," अक्का म्हणाली. "एकीला बी पाटी नव्हती. सगळ्या लाल, सगळ्यांवर झेंडूचं हार. मी माघं बसून गेलते. अन किल्ल्या समद्यांच्या देवापुढं, एका पितळी ताटात."

"व्हय व्हय," अप्पा पुढं सरकले. "अन तिथं एक पोलीस व्हता. लई घाई करायलता. पुजाऱ्याच्या हातातनं ताट घिऊन त्यानंच किल्ल्या वाटल्या."

"मिशीवाला. आमच्या मालकानं इचारलं बी त्याला, ही माझीच किल्ली का वो? तर म्हणतो कसा..."

अक्काला हसू आवरेना. "देवाच्या ताटात सगळं सारखंच. घे अन चल, माघं लाइन हाय. आमच्या मालकाला लई आवडलं ते. एखादी बाई म्हणली की ही बांगडी माझ्या मापाची न्हाई, की तेच म्हणायचे. बारा गावच्या बायांना पाठ हाय ते वाक्य."

रायटरनं पेन खाली ठेवलं. महिला शिपायानं तोंडाला रुमाल लावला. दारातला सेंट्री भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. आठ-नऊ दिवसांमागं सगळ्यांनी माझ्या हातची केळी खाल्ली होती.

"पोलीस लई असत्यात," मी म्हणालो.

"बंदोबस्ताची जुनी डायरी माळ्यावर हाय, सर," रायटर अगदी नम्रपणे म्हणाला. "काढू का खाली?"

"काढू नको." मी मिशीवरनं हात फिरवला. "मीच होतो."

मग सगळं उलगडलं. मी ताटातनं किल्ल्या उचलून जो हात पुढं आला त्यावर ठेवत गेलो. ह्याची त्याला गेली, त्याची ह्याला. दोघं आपापल्या गाडीशी गेले, किल्ली फिरेना. शेजारच्या लाल गाडीला लावली, फिरली. मग तीच आपली. पुढं नंबर आले, दोघांनी आपापल्या पाट्या त्यावर ठोकल्या. पंधरा वर्षं हँडलाखाली वाकून बघायची कुणाला गरज पडली न्हाई.

रायटरनं पेन परत उचललं. मग अक्का म्हणाली, "मंजी चोर घावला, साहेब."

"घावला."

"मग खुर्चीत कामून बसलाय त्यो? बाकड्यावर बसवा की."

मी उठलो आणि बाकड्यावर जाऊन बसलो. माझ्या ठाण्यात, माझ्याच लोकांसमोर. अक्कानं रायटरला सांगितलं, "लिवा. नाव, गाव, धंदा. आदी एक वाट दावा त्याला, म्हणावं बसवण्णानं उचलून दिली असंल." सगळं ठाणं हसलं. अप्पा इतके हसले की अंगावरनं पीठ झडलं. आणि नोकरीत पहिल्यांदा ड्यूटीवर मी पण हसलो.

हसून झाल्यावर अप्पा उठून आपल्या मोपेडशी गेले आणि सीटवरनं हात फिरवायला लागले. कायद्यानं ती चकचकीत गाडी अक्काची होती, आणि पोचे आलेली त्यांची.

"अक्का," ते कसेबसे म्हणाले, "ही तुमची. घिऊन जावा."

अक्का त्या गाडीभोवती एक फेरी मारून आली. प्लास्टिक दाबून बघितलं. किल्ली लावून सुरू केली आणि कान देऊन ऐकलं.

"नको, अप्पा. माझी खडखडायला लागली की बाया आपसूक दाराशी येत्यात. मला हाळी द्यावी लागत न्हाई. तुमची तर बोलतच न्हाई. तुमी न्या देवाला."

अप्पांनी डोळे पुसले आणि पीठ डोळ्यांत गेलं म्हणून सांगितलं. रायटरनं रस्ता काढला. पाट्या आपापल्या खऱ्या गाडीवर चढवायच्या आणि दोघांनी एकमेकांच्या नावावर गाडी करून द्यायची. अप्पांनी तिथंच बायकोसाठी दोन डझन हिरव्या बांगड्या घेतल्या. ते बघून महिला शिपायानं हात पुढं केला. ठाण्याच्या बाकड्यावर बसून अक्कानं तिला बांगड्या भरल्या. एक पण फुटली न्हाई.

एवढं झालं तरी कागदाला कारण लागतं. गाड्या बदलल्या कशा, हे कुणीतरी सही करून सांगितल्याशिवाय आरटीओ नाव चढवणार न्हाई आणि माझी जप्ती पण उठणार न्हाई. रायटर म्हणाला, "सांगा सर, मी लिवतो. गर्दीत नजरचुकीनं असं घालू."

अक्का दारात थांबली होती. ती कशासाठी थांबली हे मला कळलं. आदल्या दिवशी मी तिला एक कागद लिहून द्यायला सांगितला होता.

"पेन इकडं दे," मी म्हणालो.

एक पान लिहायला मला दोन तास लागले. तीन ठिकाणी खोडलं. लिहिलं, की बांगड्यांचा व्यापार करणाऱ्या अमुक गृहस्थानं ही गाडी दुकानातून रीतसर विकत घेतली. त्यानं किल्ली माझीच का म्हणून विचारलं होतं, आणि बंदोबस्तावरच्या पोलिसानं त्याला नीट उत्तर दिलं न्हाई. तो पोलीस मी. रायटरनं वाचलं आणि अक्षर सुद्धा सुधारलं न्हाई. मग अक्काला वाचून दाखवलं, कारण कागद कन्नडात होता आणि तिला वाचता येत नव्हतं. तिनं नवऱ्याचं नाव असलेली ओळ दोनदा वाचायला लावली.

"बरं लिवलंव, दादा," म्हणाली. साहेबाचा दादा झालो.

साहेबांनी कागद बघून मला खोलीत बोलावलं, थोडं बोलले. ते मी इथं लिहीत न्हाई. बाजारातल्या मोपेडींचा खरा चोर पुढं दुसऱ्या ठाण्यानं पकडला, त्यात माझं काही नाव न्हाई. मी माणूस वाचतो म्हणायचो. त्या बाईनं नवऱ्याबद्दल सांगितलं तेव्हा ती खरं बोलत होती, हे समोर बसून मला वाचता आलं न्हाई, कारण मला चोर पाहिजे होता. तिनं मात्र आरटीओच्या अंगणात माझ्या गाडीकडं एकदा बघितलं आणि मला पुरतं वाचलं. नव्या पोरांना मी एवढंच सांगतो, की आरोपीला वाट दाखवायच्या आधी आपण स्वतः कुठं उभे होतो ते आठवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साधा सदरा घातला, माझी मोटरसायकल धुतली आणि आरटीओला गेलो. रांगेत पुढं अक्का होती, तिच्यामागं अप्पा. मी अप्पांच्या मागं गाडी लावली. इन्स्पेक्टरनं लांबनं हात केला, "जमादार, तुमी या हिकडं पुढं."

"न्हाई," मी म्हणालो. "लाइन हाय."

अक्कानं मान वळवली. "नंबर जुळंल न्हवं, दादा?"

ऊन चढल्यावर माझी पाळी आली. दोन वर्षांच्या उशिराचा दंड भरून झाला होता. इन्स्पेक्टरनं माझ्या गाडीच्या नळीवर कागद धरला आणि शिसपेन्सिल घासायला लागला. अक्का आणि अप्पा आपली कामं उरकली तरी गेले नव्हते, दोघं माझ्या खांद्यावरनं वाकून बघत होते. शेवटचा आकडा वर येऊन जुळेपर्यंत मी श्वास रोखून धरला होता.